पक्षाघातानंतरचा हात : प्रस्तावना

पक्षाघाताच्या झटक्यातून माणूस वाचला की घरच्यांची सगळी नजर त्याच्या पायाकडे लागते. उभा राहिला, भिंत धरून मोरीपर्यंत गेला, काठी टेकत ओटीवर येऊन बसला, की घर म्हणू लागते, बरा झाला. हात मात्र छातीशी दुमडलेलाच राहतो. त्याला गळ्यातल्या पट्ट्यात अडकवतात, रात्री तेल चोळतात आणि हळूहळू त्याच्याकडून काही मागायचे सोडून देतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांसारख्या भाताच्या मुलखात तर हे अगदी उफराटे आहे. चाल थोडी लंगडी असली तरी माणूस बांधावर पोचतो. पण आवणीत रोपांची मूठ एका हातात धरून दुसऱ्याने रोप चिखलात खोचायचे, कापणीत एका हाताने धाट धरून दुसऱ्याने विळा ओढायचा, सुपाने भात पाखडायचे, नागलीची भाकरी थापायची, तर दोन्ही हात लागतात. या पुस्तिकेचा विषय तो मागे पडलेला हात आहे, आणि त्याला कामावर परत आणण्यासाठी गेली काही दशके चाललेला एक विलक्षण प्रयत्न: कवटी न उघडता, बाहेरून चुंबकीय ठोके देऊन मेंदूतले हालचालीचे केंद्र जागे करण्याचा. माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. चुंबक हात परत देत नाही. मेंदू शिकायला थोडा अधिक तयार व्हावा एवढेच तो करू शकतो. शिकवण्याचे काम सरावाचे. त्यामुळे यंत्र कधी येणार, हा या दोन तालुक्यांपुढचा पहिला प्रश्न होऊ शकत नाही. पहिला प्रश्न असा, की आज इथे हाताचा सराव कोण, किती तास आणि कुठे करून घेते?

उपचारामागचे भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकातले आहे. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर जवळच्या वाहकात वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवले. मेंदूही वाहक आहे, आणि कवटीचे हाड विजेला जसे अडवते तसे चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. १८९६ साली फ्रान्समध्ये द’आर्सोनवाल यांनी मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवल्यावर डोळ्यांपुढे प्रकाश चमकल्याचे नोंदवले. १९८० मध्ये लंडनला मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून थेट विजेचा झटका देऊन हाताचे स्नायू हलवले. पण तो झटका दुखायचा. मग १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच काम चुंबकाने, जवळजवळ वेदनेशिवाय करून दाखवले, आणि ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस, हे तंत्र जन्मले. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याला टेकवतात. तिच्यातून सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळ जोरदार प्रवाह सोडतात. त्या क्षणी तिथले क्षेत्र दीड-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या बरोबरीचे असते. परिणाम मेंदूच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. कॉइल नेमक्या जागी असेल तर विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा टचकन उडतो. इथेच एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण या विषयाच्या आडोशाने बाजार बराच चालतो. चुंबकीय गाद्या, पट्टे आणि कडी यांतले चुंबक स्थिर असतात. त्यांचे क्षेत्र बदलत नाही, म्हणून ते मेंदूत वीज निर्माण करू शकत नाहीत. लकव्यावर गुण येईल म्हणून अशी गादी घेणाऱ्याने गादीचे पैसे दिले, उपचाराचे नव्हे.

एकेका ठोक्याने अंगठा उडतो; पण ठोके लागोपाठ दिले तर त्यांचा परिणाम यंत्र बंद केल्यावरही काही काळ टिकतो, आणि उपचाराची आशा त्यावर उभी आहे. ढोबळमानाने, सेकंदाला एक या संथ गतीने दिलेले ठोके त्या भागाची उत्तेजना कमी करतात, सेकंदाला पाच किंवा अधिक या वेगाने दिलेले ती वाढवतात. मग साहजिक वाटेल की दुखावलेल्या अर्ध्या मेंदूला वेगवान ठोके द्यावेत. तसे करतातही. पण अधिक वापरात आला तो उलटा मार्ग: निरोगी अर्ध्याला संथ ठोके देऊन शांत करण्याचा. त्यामागचा तर्क असा. मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना सतत आवरून धरतात. एक हात हलवताना दुसरा आपोआप हलू नये, यासाठी हे आवरणे गरजेचे असते. पक्षाघाताने एक अर्धा दुबळा झाला की हा तोल जातो. धडधाकट अर्धा दुबळ्यावर गरजेपेक्षा जास्त दाब ठेवू लागतो. तो दाब थोडा कमी केला तर दुबळ्याला वाव मिळेल. तर्क सुबक आहे आणि सौम्य पक्षाघातात त्याला आधारही मिळतो. मात्र ज्यांचे नुकसान मोठे आहे, ज्यांच्या दुखावलेल्या बाजूकडे हात हलवण्याइतके तंतूच उरलेले नाहीत, त्यांच्यात निरोगी अर्धाच थोडीफार मदत करत असू शकतो. अशा रुग्णात त्याला शांत करणे म्हणजे उरलेला आधार काढून घेणे होईल. एकच उपचार एकाला तारक आणि दुसऱ्याला निरुपयोगी किंवा मारक ठरण्याची शक्यता इथे सुरुवातीपासून आहे, आणि पुढच्या साऱ्या वादांचे मूळ तिथेच सापडते.

पुराव्यांत तो वाद स्पष्ट दिसतो. २०२० मध्ये युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने तोपर्यंतचे प्रयोग तपासून मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या काळात, हाताच्या हालचालीसाठी निरोगी अर्ध्यावर दिलेल्या संथ ठोक्यांना त्यांनी ‘अ’ दर्जा, म्हणजे निश्चित परिणामकारकता, बहाल केला. त्याआधी दोनच वर्षे, २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या १२ केंद्रांवर झालेल्या ‘निश’ या चाचणीचा निकाल आला होता. पक्षाघाताला तीन ते बारा महिने झालेले १९९ रुग्ण, सहा आठवड्यांत १८ सत्रे, निरोगी अर्ध्यावर संथ ठोके. काहींना खरी कॉइल, काहींना खोटी. सहा महिन्यांनी खऱ्या कॉइलच्या गटात ६७ टक्के रुग्णांच्या हातात ठरवलेल्या मोजमापाप्रमाणे लक्षणीय सुधारणा होती. खोट्या कॉइलच्या गटात ६५ टक्के. हा फरक फरक म्हणण्याजोगा नाही. दोन निकालांपैकी एक खोटा, असे मानण्याचे कारण मात्र नाही. सूत्रांमागच्या प्रयोगांत लहान गटांचे प्रयोग पुष्कळ, आणि त्यांचे रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतले. ‘निश’मधले रुग्ण बरेच उशिराचे. पण मला या चाचणीतली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते, आणि तिची चर्चा त्या मानाने कमी होते. खोट्या कॉइलच्या गटातले दोन-तृतीयांश लोक सुधारले! तेही, ज्या काळात हात आता आहे तेवढाच राहणार असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते त्या काळात. दोन्ही गटांना मिळाली ती एकच गोष्ट: प्रत्येक सत्राबरोबर प्रशिक्षित थेरपिस्टने करून घेतलेला, नेमक्या कामांचा, नेटाचा सराव. चाचणी चुंबकाची होती. उत्तीर्ण झाला तो सराव.

सरावाची ही बाजू नवी नाही. १९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत मेंदूतल्या हाताच्या भागाला छोटीशी इजा झाल्यावर, सराव न मिळालेल्या माकडांत आजूबाजूचा शाबूत भागही हाताचे काम सोडून देऊ लागला. बारीक खळग्यांतून खाऊ उचलायचा रोजचा सराव मिळालेल्या माकडांत तो टिकला, काहींत वाढलाही. माणसांवरचा भक्कम पुरावा २००६ चा आहे: ‘एक्साइट’ चाचणीत २२२ रुग्णांपैकी एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक काळ मोजा घालून तो बांधल्यासारखा ठेवला आणि दुबळ्या हाताकडून दिवसाचे कित्येक तास कामे करून घेतली. फायदा वर्षभरानंतरही दिसत होता. अर्थात ज्यांची बोटे आणि मनगट थोडे तरी उघडत होते त्यांनाच त्यात घेतले होते, हे विसरून चालणार नाही. याच्या शेजारी एक केविलवाणा आकडा ठेवून पाहावा. २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांत नुसते बसून मोजणी केली, तेव्हा एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी भरली ३२. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदू बदलायला रोज काही शे हालचाली लागल्या होत्या. सुसज्ज केंद्रांत ही अवस्था, तर महिन्यातून एकदा तपासणीला येणाऱ्या रुग्णाची काय असेल याची कल्पना वाचकानेच करावी.

चुंबकाचा एक उपयोग मात्र उपचारापेक्षा पक्का ठरला आहे, आणि तो म्हणजे भाकीत. पहिल्या आठवड्यात दुखावलेल्या बाजूवर एक ठोका दिला आणि हाताच्या स्नायूत विजेची चाहूल उमटली, तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट अजून उघडी आहे असे समजते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर आणि सहकाऱ्यांनी या चाचणीच्या आधारे कोणाचा हात किती परत येईल हे सांगणारी पद्धत बसवली. पण त्या पद्धतीची पहिली पायरी चुंबकाची नाहीच. ती आहे, खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटे उघडता येतात का, हे बघण्याची. ज्यांना ते नीट जमते त्यांना यंत्राखाली बसवण्याची गरजच उरत नाही. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासाने या साध्या तपासणीची ताकद आकड्यांत दाखवली. पहिल्या ७२ तासांत बोटे आणि खांदा थोडे तरी हलले, तर सहा महिन्यांनी हातात काहीएक कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही नाही हलले, तर २५ टक्के. यासाठी वीज लागत नाही, भारनियमनाची भीती नाही, ठाण्याला जावे लागत नाही. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका पाच मिनिटांत हे पाहू शकते. आणि ते न पाहिल्याने होणारे नुकसान दुहेरी आहे: ज्याचा हात परत येण्याजोगा आहे त्याला कोणी सांगत नाही, आणि ज्याचा यायची शक्यता कमी त्याच्या घरचे तेला-काढ्यांवर आणि फेऱ्यांवर कर्ज काढत राहतात.

आता मुलखाकडे. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांत शहापूर आणि मुरबाड हे खऱ्या अर्थाने ग्रामीण. २०११ च्या जनगणनेत दोन्हींची मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार, ही समजूत महाराष्ट्रातल्याच पुराव्याने खोटी ठरवली आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर पक्षाघात होता. शंभरातले चौदा मृत्यू त्याचे, आणि बहुतेक घरीच झालेले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या नोंदवहीने २००५-०६ मध्ये लाखामागे वर्षाला १४५ नवे रुग्ण मोजले होते. गडचिरोलीचे किंवा मुंबईचे आकडे जसेच्या तसे इथे लागू पडणार नाहीत, पण या दोन तालुक्यांत वर्षाला काही शे माणसांना झटका येत असणार, एवढे म्हणायला हरकत नसावी. त्यांपैकी जे वाचतात त्यांच्यापुढे टीएमएसची वेळापत्रके ठेवून पाहा: दहा ते वीस सत्रे, आठवड्यातले पाच दिवस. शहापूरला आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी लोकलची स्थानके तरी आहेत; मुरबाडला अजून रेल्वे नाही. माळशेजच्या पायथ्याच्या किंवा धसई-टोकावड्याच्या बाजूच्या गावातून लंगडत्या माणसाने रोज एसटीने कल्याण गाठायचे, सोबतीला घरातल्या एकाने मजुरी बुडवून यायचे, आणि उपचार वीस मिनिटांचा. कातकरी कुटुंबे तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. त्यांचा पत्ताच सहा महिने वेगळा. भातसा-तानसाचे पाणी रोज मुंबईला जाते, थेरपिस्ट मात्र त्या वाटेने उलटे येत नाहीत, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तक्रारीपेक्षा हिशेब उपयोगी. वीस फेऱ्यांचा खर्च आणि वेळ गावाजवळच्या सरावावर घातला तर किती तास पदरात पडतील, हा तो हिशेब.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो भारतातूनच आला आहे. घरच्यांनाच शिकवा, ते सराव करून घेतील, ही कल्पना ‘अटेंड’ या चाचणीत तपासली गेली. १४ रुग्णालये, १,२५० रुग्ण, लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन त्यातले एक प्रमुख. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांच्या प्रशिक्षणाने काहीही बदलले नव्हते. मग गावाजवळच्या सरावाचा आग्रह कशाच्या बळावर? या चाचणीचा निकाल मी टाळत नाही. उलट तिने एक स्वस्त भ्रम मोडला म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. रुग्णालयात असताना नातेवाइकाला थोडे शिकवून जबाबदारी त्याच्यावर सोपवली की काम झाले, असे सरकारला वाटायला फार आवडले असते. ते होत नाही. सून किंवा मुलगा आवणीच्या दिवसांत रुग्णाकडून शेकडो हालचाली करून घेईल, ही अपेक्षाच चुकीची. पण ‘अटेंड’ने मोजले ते परावलंबन, हात नेमका किती वापरला गेला हा तिचा मुख्य प्रश्न नव्हता, आणि प्रशिक्षित माणसाने दीर्घकाळ करून घेतलेल्या तासन्‌तास सरावाची ती परीक्षाही नव्हती. ‘एक्साइट’ आणि ‘निश’ या दोन्हींत सुधारणा दिसली तिथे प्रशिक्षित माणूस हजर होता. म्हणून मागणी करायची ती माणसाची: तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात हाताचे काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि त्याने आखून दिलेला सराव आठवड्याला तपासणारा आरोग्यवर्धिनी केंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी. अशी व्यवस्था या मुलखात यशस्वी होईलच याचा पुरावा अजून नाही; तिचे फळ मोजत मोजतच ती उभी करावी लागेल. सराव कशाचा, हे मात्र इथल्या घरातच ठरलेले आहे. तांदूळ निवडणे, तांब्या उचलून ओतणे, दोरीला पीळ देणे, सूप दोन्ही हातांनी धरणे. रंगीत शंकू एकावर एक रचण्यापेक्षा ही कामे रुग्णाला अधिक ओळखीची, आणि ती का करायची हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. शहरातल्या श्रीमंताला चुंबक आणि गावच्या गरिबाला तांदूळ निवडणे, ही कसली वाटणी? आक्षेप रास्त आहे आणि त्याला ‘गरिबांना हेच परवडते’ हे उत्तर देणे असभ्य ठरेल. माझे उत्तर असे, की सरावाला चुंबक जोडून श्रीमंतालाही अधिक काही मिळेलच असे नाही, हे ‘निश’ने दाखवले, तेव्हा सरावाचा आग्रह हा गरिबासाठी काढलेला दुय्यम तोडगा नाही. आणि यंत्र नको, असे मी म्हणतही नाही. ते जिल्ह्याच्या ठिकाणी असावे. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांना नैराश्य येते. नैराश्य आलेला माणूस सराव सोडतो. आणि नैराश्यावरच्या उपचारात टीएमएसचा पाया हातापेक्षा भक्कम आहे. अमेरिकेने त्यासाठी २००८ मध्येच मान्यता दिली. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. एकच यंत्र मानसोपचार आणि मेंदूविकार या दोघांनी मिळून वापरले, हाताच्या रुग्णांपैकी पहिल्या तीन महिन्यांतले, बोटांत थोडी हालचाल असलेले नेमके निवडले, त्यांच्या राहण्याची सोय केली आणि प्रत्येक सत्राला सराव जोडला, तर त्या खर्चाचे समर्थन करता येईल. डोक्यात धातूची क्लिप, कानात बसवलेले यंत्र, पेसमेकर किंवा आकडीचा आजार असेल तर आधी नीट तपासणी हवी. क्वचित आकडी येऊ शकते. एरवी त्रास म्हणजे डोकेदुखी आणि कॉइलचा टकटक आवाज.

रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर दिल्या तर हे सगळे कशाला लागेल, असेही कोणी विचारेल. खरेच आहे, रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे. पण ज्याला कालच झटका आला त्याला हे सांगून उपयोग नाही.

हे काम महाराष्ट्राला परके नाही. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांच्या पुढाकाराने निघाली, आणि हाजी अलीला अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. कसाऱ्याहून लोकलने काही तासांवर असलेले हे ज्ञान तालुक्यापर्यंत पोचायला पाऊण शतक पुरले नाही. पुढच्या पानांत टीएमएसची माहिती सविस्तर दिली आहे. ती वाचताना वाचकाने यंत्राच्या कौतुकात अडकू नये, एवढी विनंती. आणि घरात कोणाला झटका आलाच, तर रुग्णालयातून सोडताना मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांच्या खाली तीन गोष्टी लिहून मागाव्यात: पहिल्या तीन दिवसांत बोटे उघडत होती का, खांदा उचलत होता का, आणि हाताच्या सरावासाठी कोणाकडे, कोणत्या वारी यायचे.